टीव्हीवरून डीव्हीडीवर घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये माणसं लांबुडकी किंवा बसकी दिसतायत? मग हे करून बघा

मागे आत्याचं भजनी मंडळ एका चॅनलवर आलं होतं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि घरात कॉम्प्युटरमधलं कळतं असा मी एकटाच, त्यामुळे रेकॉर्डिंगचं काम आपसूक माझ्या गळ्यात. फ्री डिशच्या डब्याला पेनड्राइव्ह लावला, कार्यक्रम चुकायला नको म्हणून दोन मिनिटं आधीच रेकॉर्ड दाबलं, रात्री डीव्हीडी राईट केली, पाच कॉप्या काढून मंडळातल्या बायकांना वाटल्या. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "अरे, आम्ही सगळ्याजणी पडवळासारख्या का दिसतोय?"

माझ्या लॅपटॉपवर मूळ फाइल व्हीएलसीत लावली तर एकदम ठीक. आणि मंडळातल्याच एका काकूंच्या घरी हीच डीव्हीडी व्यवस्थित दिसत होती, म्हणजे माझं डोकं आणखीनच फिरलं. शेवटी कळलं की चित्र बिघडलेलंच नव्हतं. चित्रावर "मला अमुक एवढं रुंद दाखव" अशी जी चिठ्ठी असते ना, ती चुकीची लागली होती. बऱ्याच वेळा दुखणं एवढंच असतं, आणि लोक (मीसुद्धा) ते न बघताच अख्खी फाइल परत कन्व्हर्ट करायला लावतात, तीन तास घालवतात, चित्राचा कस घालवतात आणि माणसं पडवळासारखीच राहतात.

आधी दोन मिनिटं थिअरी, कंटाळू नका. आपल्याकडचं साधं, म्हणजे एचडी नसलेलं, टीव्हीचं चित्र पूर्ण असेल तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. आता ७२० ला ५७६ ने भागा, १.२५ येतं. जुन्या टीव्हीचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ म्हणजे १.३३, नव्या रुंद टीव्हीचं १६:९ म्हणजे १.७८. म्हणजे १.२५ हे यातलं काहीच नाही! कारण हे ठिपके चौकोनी नसतातच. तेच ७२० ठिपके टीव्ही कधी थोडे ताणून ४:३ मध्ये बसवतो, कधी जास्त ताणून १६:९ मध्ये. कॉम्प्युटरच्या चौकोनी ठिपक्यांत सांगायचं तर एकदा साधारण ७६८ बाय ५७६ आणि एकदा १०२४ बाय ५७६. किती ताणायचं हे ठरतं फक्त त्या चिठ्ठीवरून, जिला फ्लॅग म्हणतात. चिठ्ठी चुकली की सगळं चुकलं.

पायरी १, गोल शोधा आणि पट्टी लावून मोजा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळ्यांना दहा मिनिटांत सवय होते आणि लांबुडका माणूसही बरोबर वाटायला लागतो. रेकॉर्डिंगमध्ये गोल असलेली वस्तू शोधा जी सरळ कॅमेऱ्यासमोर आहे. भिंतीवरचं घड्याळ, चॅनलचा गोल लोगो, गाडीचं चाक बाजूने. मी आधी पखवाजाची पुडी धरली होती, पण पखवाज आडवा ठेवलेला, कॅमेरा समोर, पुडी तिरकी दिसणार आणि ती तशीही लंबगोलच दिसते, त्यामुळे ते माप फुकट गेलं. मग मागच्या पडद्यावर चक्राचं चित्र होतं ते धरलं.

पॉज करा, स्क्रीनवर पट्टी लावा. उंची १२ सेंटीमीटर भरली आणि रुंदी ९ च्या आसपास, तर १६:९ चं चित्र ४:३ म्हणून दाखवलं जातंय, माणसं लांबुडकी. उंची १२ आणि रुंदी १६, तर उलटं, ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलंय, सगळे बसके आणि गुबगुबीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर सोडून द्या, तो ७२० ठिपके धरायचे का ७०४ असल्या वादातून येतो (खरं चित्र मधल्या ७०४ मध्येच असतं, दोन्ही कडांचे ८-८ ठिपके जादा) आणि त्याच्या मागे लागलात तर वेड लागेल.

आणि एक, गोल जर गोलच आहे पण वरखाली काळ्या पट्ट्या आहेत, तर तो बिघाड असेलच असं नाही. सिनेमा २.३५ रुंदीचा असेल तर १६:९ मध्येही ५७६ पैकी जेमतेम ४३६ ओळींत चित्र असतं, बाकी काळं. ते तसंच असतं, हात लावू नका.

पायरी २, बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते पकडा

चित्र तुमच्या डोळ्यांपर्यंत येताना पाच ठिकाणी बिघडू शकतं. टीव्हीचं सेटिंग, डीव्हीडी प्लेअरचं सेटिंग, डिस्कवरची चिठ्ठी, व्हिडिओच्या आतली चिठ्ठी आणि शेवटी खुद्द चित्र. या क्रमानेच जा, कारण पहिल्या दोन गोष्टी रिमोटने दहा सेकंदांत सुटतात आणि शेवटच्या गोष्टीला रात्र जाते.

टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझ नावाचं बटण असतं, ते "ऑटो" किंवा "ओरिजिनल" वर करा. पुष्कळ घरांत ते कायम "फुल" वर असतं, कारण काळ्या पट्ट्या दिसल्या की घरच्यांना वाटतं पैसे वाया गेले. माझ्या त्या काकूंचं हेच होतं. डिस्कवर चिठ्ठी चुकीची ४:३ ची, आणि त्यांचा टीव्ही जे येईल ते ओढून १६:९ करणारा, दोन चुका मिळून चित्र बरोबर! म्हणून "अमक्याच्या घरी नीट दिसतं" हा पुरावा धरू नका.

मग डीव्हीडी प्लेअरचा सेटअप उघडा, तिथे टीव्ही टाइप असतं, ४:३ पॅनस्कॅन (दोन्ही कडा कापून), ४:३ लेटरबॉक्स (वरखाली काळ्या पट्ट्या लावून) आणि १६:९. तुमचा टीव्ही खरोखर जो आहे तो निवडा. नवा प्लेअर आणला की हे कोणी बघतच नाही.

एवढं करून नाही सुटलं तर डिस्क लॅपटॉपला लावा. व्हीएलसीमध्ये ती एकदा डीव्हीडी म्हणून उघडा आणि एकदा डिस्कच्या फोल्डरमधली मोठी व्हीओबी फाइल (चित्र-आवाज हिच्यातच असतात) थेट ओढून टाका. डीव्हीडी म्हणून उघडल्यावर आयएफओ नावाच्या छोट्या फाइलमधली चिठ्ठी वाचली जाते, नुसती व्हीओबी उघडली की व्हिडिओच्या आतली. दोन्हीकडे गोल वेगळा दिसला तर समजा दोन चिठ्ठ्यांचं आपसात पटत नाहीये. घरातला डीव्हीडी प्लेअर आयएफओचं ऐकतो. माझ्या केसमध्ये हेच झालं होतं.

का झालं ते सांगतो, कारण ही चूक जवळपास प्रत्येक नवा माणूस करतो. मी दोन मिनिटं आधी रेकॉर्ड दाबलं ना, तेव्हा आधीच्या जुन्या मालिकेची शेपटी आणि जाहिराती चालू होत्या, त्या ४:३. भजनाचा कार्यक्रम १६:९. आता डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर आळशी, फाइलची सुरुवात बघतं, ४:३ दिसलं की अख्ख्या टायटलला ४:३ लिहून मोकळं. बरं, डीव्हीडीच्या नियमात एका टायटल सेटला (म्हणजे डिस्कवरच्या कार्यक्रमांच्या एका गटाला) एकच रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, देता येतो, मधेच बदलता येत नाही. व्हीएलसी मात्र फाइल चालवताना आतली चिठ्ठी जिथे बदलेल तिथे स्वतः बदलतं, म्हणून लॅपटॉपवर सगळं छान.

पायरी ३, मूळ फाइल तपासा

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका, फाइल त्यात ओढा. तीन गोष्टी बघा, रुंदी-उंची, डिस्प्ले आस्पेक्ट रेशो आणि फॉरमॅट. फक्त लक्षात ठेवा की फाइलच्या सुरुवातीला जाहिरात असेल तर तिथे जाहिरातीचा रेशो दिसेल, म्हणून खरी तपासणी कापाकापी झाल्यावरच.

फॉरमॅट एमपेग-२ (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत) असेल आणि आकार ७२० किंवा ७०४ बाय ५७६, तर नशीबवान आहात, डीव्हीडीला हेच लागतं, काहीही कन्व्हर्ट न करता काम होतं. आवाज बहुतेक एमपी२ असतो, आपल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत तोही चालतो. ५४४ बाय ५७६ असला आकार दिसला तर मात्र तो टीव्हीवाल्यांना चालतो पण डीव्हीडीच्या नियमात बसत नाही, चॅनलवाले जागा वाचवायला रुंदी कमी करतात. आणि फॉरमॅट एच.२६४ (त्यानंतरची नवी पद्धत) असेल तर डीव्हीडीसाठी कन्व्हर्ट करावंच लागतं.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या डब्यातलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कुलूपबंद असतं, त्याच डब्यावर चालतं, कॉम्प्युटरवर उघडत नाही. त्यामुळे खालचं सगळं फ्री टू एअर चॅनलच्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल तुटते आणि दुसरी चालू होते, घाबरू नका, पुढच्या पायरीत दोन्ही क्रमाने एकत्र घेता येतात.

पायरी ४, आधी कापा, मग बाकीचं

प्रोजेक्ट एक्स हे जुनं, दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं, जावावर चालणारं सॉफ्टवेअर, पण टीव्हीच्या कच्च्या फाइलीसाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. सिग्नल पावसात तुटला असेल, आवाज मागेपुढे झाला असेल, तेही बऱ्यापैकी सावरतं. फाइल टाका, खालचा स्लायडर सरकवून कार्यक्रम जिथे खरोखर सुरू होतो तिथे कट लावा, शेवटी लावा, मधल्या जाहिराती उडवा, डीमक्स निवडून चालवा. चित्राची एम२व्ही आणि आवाजाची एमपी२ अशा दोन वेगळ्या फाइली मिळतील.

कट लावताना एक-दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर होऊ द्या, पण जाहिरातीचा एक तुकडाही सुरुवातीला राहू देऊ नका. अर्ध्या सेकंदाची साबणाची जाहिरात राहिली तरी तिच्याच मापाने आत्या पडवळ होणार. नंतर एम२व्ही परत मीडियाइन्फोमध्ये टाका. आता जो रेशो दिसेल तो कार्यक्रमाचा स्वतःचा, आणि निम्म्या वेळा काम इथेच संपतं.

पायरी ५, तरी चुकीचा असेल तर आतली चिठ्ठी बदला

कधीकधी चॅनलच चुकीचा फ्लॅग पाठवतं, कार्यक्रम १६:९ चा असतो आणि चिठ्ठी ४:३ ची. ही चिठ्ठी दिसते कशी ते एकदा डोळ्यांनी बघाच, भीती जाते. एचएक्सडी नावाचा हेक्स एडिटर (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्या, एम२व्हीची कॉपी (कॉपी हं, मूळ नाही!) उघडा. अगदी सुरुवातीला ०० ०० ०१ बी३ असे चार आकडे दिसतील, हा सिक्वेन्स हेडर. त्याच्या पुढे २डी ०२ ४०, म्हणजे ७२० आणि ५७६ हेक्समध्ये लिहिलेले. आणि त्याच्या लगेच पुढे २३ किंवा ३३. यातला पहिला आकडा म्हणजे आपली चिठ्ठी, २ असेल तर ४:३, ३ असेल तर १६:९. दुसरा ३ म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, त्याला हात लावायचा नाही. एवढंच! बाकी दीड जीबीची फाइल तशीच्या तशी, आणि आत्याची जाडी एका आकड्यावर अवलंबून.

पण हाताने बदलत बसू नका, कारण हा हेडर फाइलमध्ये परत परत येतो, अर्ध्या सेकंदाला एक धरला तरी तासाला ७२०० झाले. त्यासाठी डीव्हीडीपॅचर नावाची छोटीशी युटिलिटी आहे, फाइल द्या, ४:३ का १६:९ निवडा, "फक्त पहिला हेडर" ऐवजी "पूर्ण फाइल" वर टिक करा आणि चालवा. मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून परत सांगतो, कॉपीवर चालवा. मिनिटभराचं काम, चित्राचा दर्जा जसाच्या तसा, कारण चित्राला कोणी शिवलेलंच नाही.

पायरी ६, डिस्क बनवताना

मी डीव्हीडीस्टायलर वापरतो, फुकट आहे. नवा प्रोजेक्ट करतानाच पाल आणि बरोबर रेशो निवडा, व्हिडिओ टाकल्यावर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कन्व्हर्ट करण्याऐवजी कॉपी निवडलंय का बघा आणि तिथेही रेशो परत तपासा. "ऑटो" वर सोडू नका. मेन्यूचा रेशो वेगळा आणि पिक्चरचा वेगळा असला तरी चालतो, फक्त ४:३ चे आणि १६:९ चे कार्यक्रम एकाच डिस्कवर हवे असतील तर ते वेगवेगळ्या टायटल सेटमध्ये टाका.

डिस्क आधीच बनलीय आणि नुसती वरची चिठ्ठी चुकलीय, असं असेल तर परत सगळं करायची गरज नाही. डिस्कचं व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करा, इफोएडिट उघडा, त्यात व्हीटीएस_०१_०.आयएफओ ही फाइल घ्या. वरच्या यादीत व्हीटीएसआय_एमएटी निवडलं की खाली व्हिडिओ ॲट्रिब्यूट्सची ओळ दिसते, तिच्यावर डबल क्लिक, रेशो बदला, सेव्ह. बीयूपी फाइल पण बदलू का असं विचारलं तर हो म्हणा, ती त्याच फाइलची राखीव प्रत असते.

तिथेच अजून एक गोष्ट दिसेल जी मला फार उशिरा कळली. १६:९ ची डिस्क जुन्या ४:३ टीव्हीवर कशी दाखवायची, याची परवानगीही डिस्कवरच असते, लेटरबॉक्स (वरखाली पट्ट्या) का पॅनस्कॅन (दोन्ही कडा कापून). दोन्हीला परवानगी असेल तर प्लेअरच्या सेटिंगप्रमाणे होतं. आत्याकडे गावी अजून २१ इंची डबा टीव्ही आहे. दुसऱ्यांदा पाठवलेल्या डिस्कवर कोणी पडवळ नव्हतं पण कडेला बसलेल्या दोघी गायब, आणि त्यातली एक नेमकी मंडळाची अध्यक्ष. तेव्हापासून मी डोळे मिटून फक्त लेटरबॉक्स ठेवतो.

पायरी ७, चित्रातच पट्ट्या भाजलेल्या असतील तर

हा खरा अवघड प्रकार. १६:९ चा कार्यक्रम चॅनलने ४:३ च्या चौकटीत पट्ट्या लावून पाठवला, म्हणजे वर ७२ ओळी काळ्या, खाली ७२ काळ्या, मधे ४३२ ओळींचं चित्र. इथे चिठ्ठी बदलून काही होत नाही, पट्ट्या चित्राचाच भाग आहेत. कापून, ताणून, परत एन्कोड, म्हणजे अख्खं चित्र नव्याने कन्व्हर्ट, करावं लागतं.

माझं प्रामाणिक मत, करू नका. टीव्हीवर झूम दाबा आणि बघा. कारण टीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं, एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं एकाआड एक ओळीत विणलेली, आणि तशाच अवस्थेत उभं ताणलं की त्या ओळी एकमेकींत मिसळतात, कोणी हात हलवला की कंगव्याचे दात दिसतात. एवढं करून मिळतं काय, तर ४३२ ओळींचं तेच चित्र ५७६ मध्ये फुगवलेलं.

चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टाच्या तिकिटासारखं चित्र, असं असेल तर मात्र मन करवत नाही तसं सोडायला. तिथे खरं चित्र फक्त ५६ टक्के भागात असतं. मग वरखाली ७२, दोन्ही बाजूंनी ९० कापा, आधी डीइंटरलेस करा (ती विणलेली अर्धी चित्रं सोडवा), मग ७२० बाय ५७६ ला ताणा, ४:३ फ्लॅग लावा. वरखाली कापायचा आकडा ४ ने भाग जाणारा ठेवा, नाहीतर रंग ओळींवरून घसरतात. एक मिनिटाचा तुकडा आधी करून टीव्हीवर बघा, मगच रात्रभर मशीन लावा. एचडी चॅनलवर जुनी ४:३ मालिका असेल तर काम सोपं आहे, १९२० मधून दोन्ही बाजूंचे २४०-२४० कापले की उरलेलं १४४० बाय १०८० म्हणजे बरोब्बर ४:३, ते खाली ७२० बाय ५७६ ला आणा. मोठ्याचं लहान करताना चित्र फार बिघडत नाही, इंटरलेसचं तेवढं सांभाळा.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

डब्यातून त्या तीन वायरींनी डीव्हीडी रेकॉर्डरला किंवा कॅप्चर कार्डाला जोडत असाल तर वरचं थोडं बदलतं. त्या पिवळ्या वायरीतून आलेली चिठ्ठी बहुतेक रेकॉर्डर वाचत नाहीत, सगळ्याला ४:३ लिहून टाकतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी डब्याच्या सेटिंगमध्ये टीव्ही १६:९ आहे असं सांगा, घरातला टीव्ही कसाही असो. डब्याला ४:३ लेटरबॉक्स सांगितलंत तर तो स्वतःच चित्र ४३२ ओळींत दाबणार आणि पाव भाग तपशील कायमचा गेला. १६:९ सांगितलं की पूर्ण ५७६ ओळी मिळतात, रेकॉर्ड होताना माणसं लांबुडकी दिसतील, दिसू देत, नंतर पायरी ५ आणि ६ ने फ्लॅग बदलला की सरळ होतात. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्यांना या सेटिंगचा काही उपयोग नाही, तिथे आलेला कच्चा डेटा तसाच उतरतो, उगाच तिथे वेळ घालवू नका.

राईट करायच्या आधी

फोल्डर हार्डडिस्कवर बनवून व्हीएलसीमध्ये डीव्हीडी म्हणून चालवून बघा, परत पट्टी लावा. व्हीएलसीत चुकून "ए" दाबलं गेलं तर रेशो तात्पुरता बदलतो, वर नाव येतं ते "डिफॉल्ट" असू दे, नाहीतर तुम्ही भलत्याच गोष्टीवर खूश व्हाल. मग एक आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) डिस्क ठेवणीत ठेवा, पहिली कॉपी तिच्यावर, आणि ती शक्यतो घरातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीवर लावा. साध्या डिस्कवर दोन तासांचं रेकॉर्डिंग बसवायचं तर आवाज धरून सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास जागा मिळते, फ्री टू एअर चॅनल सहसा त्याच्या आत असतात.

अमेरिकेतल्या भावाला वगैरे पाठवणार असाल तर तिकडे एनटीएससी, ७२० बाय ४८०, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. तिकडच्या पुष्कळ प्लेअरवर आपली पाल डिस्क चालत नाही, लॅपटॉपवर चालते. त्याच्यासाठी मी कन्व्हर्ट करत बसत नाही, बरोबर फ्लॅग लावलेली फाइलच पाठवतो.

आणि डिस्कवर मार्करने तारखेच्या शेजारी १६:९ का ४:३ ते लिहून ठेवा. आत्याच्या आता तीन प्रकारच्या डिस्का फिरतायत मंडळात, पडवळवाली, अध्यक्ष नसलेली आणि बरोबर, आणि वरून तिन्ही सारख्याच दिसतात.